ड्रोन आणि हेडलॅम्प असताना डंजनमधला अंधार कसा टिकवायचा? (नजीकच्या भविष्यातलं कँपेन)

अर्धा_नकाशा

टेबलावरच्या भूमिका-खेळाचं पुढचं लांब कँपेन (अनेक बैठकांत चालणारी कथा) मी चालवणार आहे. काळ साधारण २०७०. जादू नाही, तलवारी नाहीत, ड्रॅगन तर नाहीतच. पण खेळ मला अस्सल डंजनचाच, म्हणजे जमिनीखालच्या धोकादायक भूलभुलैयाचाच, हवाय. दार उघडायचं, खाली उतरायचं, नकाशा काढत सरकायचं आणि जवळचं सामान संपत आलं की ‘परत फिरू या’ विरुद्ध ‘एवढी एकच खोली’ यावरून टेबलावर भांडण जुंपायला हवं. शहरातल्या गोळीबाराची सायबरपंक कँपेनं आम्ही पुष्कळ खेळलो. त्यांत हे भांडण कधी होत नाही.

जागा ठरली आहे. मिठाची एक जुनी खाण. तिच्यात नंतर एका कंपनीने डेटा साठवायचं कोठार बांधलं आणि त्याच्याही खाली, संकटकाळी कर्मचाऱ्यांना कुटुंबांसह राहता यावं म्हणून वस्ती. २०५२ मध्ये दारं आतून बंद झाली, पुढे कंपनीही बुडाली. आतली यंत्रं मात्र चालूच आहेत. दुरुस्ती करतात, पाणी उपसतात, मधूनच नवीन भिंतीही घालतात. खेळाडू म्हणजे चार-पाच जणांचं भंगार-पथक.

आता अडचण. जुन्या डंजनमध्ये हातात मशाल असायची. माझ्या पथकाकडे हेडलॅम्प आहेत, ड्रोन आहे, भिंती मोजून आपोआप नकाशा काढणारं लिडार आहे. पहिल्या दहा मिनिटांत ड्रोन सगळं कोठार पालथं घालणार आणि मग उरणार फक्त ने-आण. दुसरं, १८ वर्षं हे कोठार कुणी रिकामं कसं केलं नाही? आणि तिसरं, सोन्याच्या जागी नेमकं काय ठेवू?

एकच अट आहे, तंत्रज्ञानावर बंदी घालायची नाही. ‘इथे ड्रोन चालत नाहीत’ असं जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) जाहीर केलं की खेळाडूंचा विश्वास तिथेच उडतो.

मशालजी

माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात.

१९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसनचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका-खेळ आला, तेव्हापासून मशालीचं खरं काम उजेड देणं नव्हतंच. ती घड्याळ होती. डंजनमधला एक टर्न, म्हणजे वेळेचा एक टप्पा, दहा मिनिटांचा, मशाल सहा टर्न टिकायची, कंदिलाचं तेल चोवीस टर्न. त्याच खेळाच्या १९८१च्या बेसिक संचात दर दोन टर्नांनी जीएम सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि १ आला की काहीतरी भटकत समोर यायचं. म्हणजे प्रत्येक ‘जरा ही भिंत ठोकून बघू’ला किंमत होती. ही किंमत काढून घेतली की डंजन म्हणजे नुसत्या खोल्यांची यादी.

तेव्हा हेडलॅम्प खुशाल द्या, फक्त बॅटरी सगळ्यांची एक करा. हेडलॅम्प, ड्रोन, लिडार, हवा गाळणारा मास्क, दारं कापायचं यंत्र, सगळं एकाच प्रकारच्या सेलवर चालतं आणि तो सेल एकमेकांत अदलाबदल करता येतो. मग ‘उजेड आहे का’ हा प्रश्न जातो आणि ‘उजेड हवा की डोळे हवेत की हवा हवी’ हा येतो. भांडण तिथे जुंपेल, हमखास.

उंदीरमामा

+१. सेल एकच असणं ही किल्ली आहे.

निशाचर

तत्त्व मान्य, पण सेल मोजत बसणं मला अजिबात मान्य नाही. दर टर्नला चार जणांच्या चार उपकरणांचा हिशेब ठेवायचा म्हणजे खेळाचा रविवार जमाखर्चात जायचा. शिवाय मोजता येतं ते खेळाडू भरून आणतात. पाठीवर तीस सेल घेऊन आले की झालं का मग?

त्यापेक्षा युसेज डाय (वापराचा फासा) वापरा, २०१६च्या द ब्लॅक हॅक या खेळातला. उपकरणाला एक फासा द्यायचा, समजा डी८, म्हणजे आठ बाजूंचा. वापरलं की टाकायचा. १ किंवा २ आला तर फासा एक पायरी उतरतो, डी८चा डी६, मग डी४, आणि डी४वर १-२ आला की संपलं. डी८ सरासरी नऊ वेळा पुरतो (चार + तीन + दोन), पण ओळीने तीनदा वाईट आला तर तिसऱ्याच वापराला हात रिकामे. त्याची शक्यता २४त १. हे ‘सरासरी’ आणि ‘कदाचित’ यांच्यामधलं अंतर म्हणजेच भीती. मोजलेल्या सेलला ती येत नाही.

तीस सेलांचा प्रश्न वजनाने सोडवा. प्रत्येकाला दहा जागा. एक सेल-संच म्हणजे एक जागा, दोर एक जागा, मास्क एक जागा, आणि बाहेर आणायचं सामानही याच जागांत. सेल जास्त नेले तर लूट कमी येणार.

मशालजी

निशाचर, वजनाचं पटलं. फाशाचं अर्धंच पटलं. मोजणं कंटाळवाणं असतं ते मोजण्याची वही लपवलेली असते म्हणून. टेबलाच्या मधोमध मण्यांची वाटी ठेवा आणि दर टर्नला एक मणी उचला. वाटी रिकामी होताना सगळ्यांना दिसते, हिशेब कुणालाच करावा लागत नाही. डी४ उरला आहे हे कागदावर वाचणं आणि वाटीत तीन मणी दिसणं, यांत मला दुसरं जास्त टोचतं.

निशाचर

मणी चांगले आहेत. तरी शेवटचे तीन मणी म्हणजे तीनच टर्न हे खेळाडूला पक्कं ठाऊक असतं. मला ते ठाऊक असायला नको आहे. इथे आपलं जमायचं नाही :)

चौथी_मिती

ड्रोनबद्दल लिहिते, कारण ‘ड्रोन सगळं पालथं घालेल’ हे गृहीतच मला पटत नाही.

डार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेने २०१८ ते २०२१ या काळात सबटेरेनियन चॅलेंज नावाची स्पर्धा घेतली होती, जमिनीखाली यंत्रांनी शोध घेण्याची. २०२० सालची शहरी फेरी वॉशिंग्टन राज्यात सॅट्सॉप इथल्या अर्धवट सोडून दिलेल्या अणुवीज प्रकल्पात झाली, अंतिम फेरी केंटकीत लुईव्हिलच्या मेगा कॅव्हर्नमध्ये. आत पाठीवरच्या पिशव्या, मोबाईल, माणसांचे पुतळे अशा वस्तू लपवलेल्या. यंत्राने वस्तू ओळखून तिचं ठिकाण पाच मीटरच्या आत बरोबर कळवलं तर गुण. बाहेर बसून यंत्रांवर लक्ष ठेवायला एकच माणूस. ही जवळजवळ डंजनची स्पर्धाच होती आणि जगातल्या उत्तम संघांनाही ती सोपी गेली नाही.

का नाही गेली, त्यातच तुमचे नियम आहेत. खडकातून रेडिओ जात नाही, दोन वळणं झाली की संपर्क तुटतो. म्हणून अनेक संघांची यंत्रं वाटेत छोटे रिले-नोड (संदेश पुढे पोचवणारी उपकरणं) टाकत जायची, एकामागे एक. धूळ उठली की कॅमेरा आणि लिडार दोन्ही गोंधळतात. जीपीएस आत नाहीच, त्यामुळे यंत्र स्वतःची जागा अंदाजाने ठरवतं आणि चूक वाढत जाते. उडणाऱ्या ड्रोनला वेळ मोजकाच.

खेळात असं करा. ड्रोन नजरेआड गेला की प्रत्येक वळणाला एक नोड लागतो. नोड म्हणजे सामानातली अर्धी जागा. नोड नसेल तर ड्रोन आपल्या बुद्धीने पुढे जातो आणि परत आला तरच तुम्हाला कळतं त्याने काय पाहिलं. आणि परत आल्यावरही खेळाडूंना आकार सांगा, अर्थ सांगू नका. ‘दालन ४० मीटर लांब, मधे १२ उभ्या वस्तू, माणसाएवढ्या.’ एवढंच. त्या १२ वस्तू काय आहेत हे बघायला कुणीतरी जायलाच लागेल.

अर्धा_नकाशा

‘आकार सांगा, अर्थ सांगू नका’ हे मी जीएमच्या टिपणं लपवायच्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवणार आहे. बंदी न घालता ड्रोन जमिनीवर आणलात, मनापासून आभार. नोडची कल्पना फारच आवडली, कारण परतीची वाटसुद्धा त्याच नोडांवर असणार.

उंदीरमामा

आमच्या टेबलावरची गोष्ट. जीएमने पथकाला ड्रोन दिला, खेळाडूंनी त्याचं नाव बाळू ठेवलं. पुढच्या सेशनमध्ये काळोखी शाफ्ट (खाली जाणारी उभी विहीर) समोर आली. ‘ड्रोन पाठवा ना,’ जीएम म्हणाला. पथकाचं उत्तर : ‘बाळूला एकट्याला? अशक्य.’ आणि दोर बांधून चौघेही खाली उतरले. बाळू वर सुखरूप.

नियम वगैरे ठीकच आहे, आधी ड्रोनला नाव ठेवायला सांगा.

वजाबाकी

हाहाहा, बाळू! मामा, हे मी उचलणार.

दगडफोड्या

मी खाणीच्या वायुवीजनाचं काम करतो, तेव्हा थोडं लांबेल.

तुम्ही सगळे अंधाराबद्दल बोलताय. जमिनीखाली माणसाला अंधार मारत नाही, हवा मारते. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. १९.५च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. १६च्या आसपास विचार मंदावतो, हात चुकतात, आणि मुख्य म्हणजे आपलं काही चुकतंय हे त्या माणसालाच कळत नाही. १०च्या खाली शुद्ध जाते. कोठारात सर्व्हर आहेत म्हणालात. अशा दालनांत आग विझवायला नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून ऑक्सिजन खाली आणण्याची पद्धत आहे. म्हणजे १८ वर्षांपूर्वी कुठल्यातरी दालनात आग लागली असेल, वायू सुटला असेल आणि दार तेव्हापासून बंद असेल, तर आत सगळं जसंच्या तसं आहे. स्वच्छ, कोरडं, गंज नाही. आणि आत शिरणारा पहिला माणूस दहा पावलांत खाली बसतो. सापळा कुणी लावलेला नाही. दार कुणी उघडलं नव्हतं एवढंच.

मिथेनचं वेगळं. हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो, त्याहून जास्त असेल तर पेटत नाही. म्हणजे ‘इथे मिथेन फार आहे, पेटणार नाही’ म्हणून पथक निश्चिंत झालं आणि मागचं दार उघडं ठेवलं, तर ताजी हवा येऊन मिश्रण स्फोटाच्या पट्ट्यात आणते. दार उघडणं हीच चूक. डंजनला याहून सुंदर दार सापडणार नाही.

वस्तीच्या सांडपाण्याच्या टाक्यांजवळ हायड्रोजन सल्फाइड ठेवा. सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. खेळाडूंना सांगा, ‘वास येतोय.’ पुढच्या टर्नला सांगा, ‘वास थांबला.’ आणि गप्प बसा. ज्याला कळेल तो ओरडेल.

तर प्रत्येक पातळीचा नकाशा काढाल तेव्हा त्यावर हवेचा दुसरा नकाशा काढा. कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, मिथेन वर छताशी. उंच खोली आणि खड्डा यांना आपोआप अर्थ येतो.

पायरीचोर

बापरे. ‘वास थांबला’वर इथे बसून अंगावर काटा आला.

मशालजी

दगडफोड्या, दंडवत. पण एक काळजी वाटते. न दिसणाऱ्या वायूने पात्र मेलं तर ‘मला काही करताच आलं नाही’ असं खेळाडू म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल.

दगडफोड्या

म्हणून मीटर द्या. वायू मोजायचा मीटर प्रत्येकाच्या कमरेला असतोच, तो बाहेर आकडा दाखवतो. फक्त तोही सेलवर चालतो :) मीटर चालू ठेवला तर इशारा नक्की मिळणार, फासा न टाकता. बंद ठेवला तर जबाबदारी त्यांची. धोका आधी कळलाच पाहिजे, याबाबत मी तुमच्याच बाजूने आहे.

तळघर_७

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. ‘इतकी वर्षं कुणी रिकामं का केलं नाही?’

खरी ठिकाणं बघा, उत्तरं तिथेच आहेत. न्यू मेक्सिकोत डब्ल्यूआयपीपी नावाचं अणुकचऱ्याचं कोठार आहे, मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोल, १९९९पासून कचरा घेतंय. मिठाची जागा निवडली कारण मीठ हळूहळू सरकतं. कोरलेल्या खोल्या वर्षाला काही सेंटिमीटर आक्रसतात आणि शेवटी कचरा आत गाडला जातो. अर्धा_नकाशा, तुमची खाणही मिठाची! १८ वर्षांत बोगदे अरुंद झाले असतील, दारं चौकटीत घट्ट अडकली असतील, जुना नकाशा हाती लागला तरी मापं जुळणार नाहीत. मोठी यंत्रसामग्री आत जाऊच शकत नाही. चार बारीक माणसं जाऊ शकतात.

दुसरं, मालकी. कंपनी बुडाली की धनको, विमा कंपन्या, सरकार, सगळे एकमेकांना कोर्टात ओढतात. दार उघडेल त्याच्यावर आतल्या मृत्यूंची जबाबदारी येणार असेल तर कुणीच उघडत नाही. अधिकृत वाट न्यायालयात अडकलेली, अनधिकृत वाट तुमच्या खेळाडूंची.

तिसरं, पाणी. तोक्योजवळ कासुकाबेला पुराचं पाणी वळवायचा भूमिगत मार्ग आहे, २००६मध्ये पूर्ण झाला. साधारण ५० मीटर खोल, ६.३ किलोमीटर बोगदा आणि १८ मीटर उंच ५९ खांबांचं एक टाकं. बाहेर मोठा पाऊस झाला की ते दालन भरतं. असं एखादं दालन प्रवेशाच्या वाटेवर ठेवा, म्हणजे कोठार वर्षातले काही महिनेच उघडं.

अवांतर : यंत्रांनी भरलेलं डंजन ही कल्पना आपल्या छंदाइतकीच जुनी आहे. १९७६च्या मेटामॉर्फोसिस अल्फा या खेळात अख्खं अवकाशयान हेच डंजन होतं, आणि १९८०मध्ये ‘एक्स्पिडिशन टु द बॅरियर पीक्स’ या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या साहसाने तलवारवाल्यांना कोसळलेल्या यानात उतरवलं. तेव्हा कुणी ‘हे खरं डंजन नव्हे’ म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करा.

वजाबाकी

तळघर यांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

माझा मुद्दा राक्षसांचा. कृपया उत्परिवर्तित उंदीर, झाँबी, वेडा झालेला मुख्य संगणक हे काहीही ठेवू नका. नजीकच्या भविष्याची सगळी गंमत जाते. माणसं आणि जागा पुरे. हवा, पाणी, मीठ, अंधार. शत्रू कशाला हवा?

मशालजी

शत्रू नको, पण कुणीतरी भेटायला हवं. भटकंतीचा तक्ता रिकामा असेल तर घड्याळाला दात राहत नाहीत. जुन्या नियमांत काही भेटलं की दोन फासे टाकून त्याचा कल बघायचे. २ आला तरच थेट हल्ला, म्हणजे ३६त १. मधल्या आकड्यांवर समोरचा नुसता थबकतो आणि तुमच्याकडे बघतो. राक्षस म्हणजे हल्ला हे समीकरण नंतरचं आहे.

चौथी_मिती

दोघांचंही जमेल. यंत्रांना वैर देऊ नका, काम द्या. प्रत्येक यंत्राच्या कार्डावर तीन ओळी पुरतात : ते काय करायला बनलंय, त्याला काय कळतं, काय कळत नाही. लढण्याचे आकडे शेवटी.

सफाईचं यंत्र घ्या. जे यादीत नाही ते उचलायचं, एवढंच त्याचं काम. ते खेळाडूंना हातही लावत नाही. त्यांच्या खडूच्या खुणा पुसतं. रिले-नोड कचरा समजून गोळा करतं. दोर गुंडाळून नेतं. पथक परत फिरतं तेव्हा वाट तीच असते, पण त्यांनी मागे ठेवलेलं काहीच जागेवर नसतं.

दुसरं, गळती बुजवणारं. उघडं दार म्हणजे गळती. पाच टर्न दार उघडं राहिलं तर फेसाने भरून टाकतं. तिसरं, सोबत करणारं, ज्याच्या छातीवर जुना बिल्ला आहे त्याला ते घरी नेऊन सोडतं. ‘घर’ म्हणजे खालच्या वस्तीतली त्या बिल्ल्याच्या मालकाची खोली, मग मधे पाणी असो नसो. गोड आहे, मदत करतंय, आणि जीव घेईल.

उंदीरमामा

सफाईवालं यंत्र बाळूला उचलून नेतं, हे पहिल्या सेशनमध्ये होऊ द्या. पथक कोठाराच्या तळापर्यंत जाईल.

वजाबाकी

यंत्राला काम द्या, हे मान्य. असा ‘राक्षस’ मला चालेल. नोड गोळा करणारं यंत्र तर चौथी_मितीच्याच ड्रोनच्या नियमावर घाला घालतंय, दोन्ही नियम एकमेकांना धरून उभे राहतात.

रेघोट्या

प्रथमच लिहितोय, चूकभूल माफ. इतक्या चर्चेत नकाशाच्या रचनेबद्दल कुणी बोललं नाही. जेनेल जॅकेजने १९७९च्या कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया या डंजनमध्ये जे केलं ते इथे लागेलच. आत यायच्या एकाहून जास्त वाटा, गोल फिरून परत येणारे मार्ग, एक पातळी ओलांडून थेट तिसरीवर नेणारी उतरण. सरळ रांगेतल्या खोल्या असतील तर लिडारने नकाशा काढला काय नि हाताने काय, निर्णय घ्यायला काही उरतच नाही. वर्तुळं असतील तर नकाशा पूर्ण हाती असूनही ‘कुठून?’ हा प्रश्न राहतो.

खाणीला हे शोभतंही. हवेसाठी दुसरा शाफ्ट लागतोच, केबलचे बोगदे वेगळे, पाण्याचे वेगळे, माल चढवायची वाट वेगळी. माणसांच्या पायऱ्या ही अनेक वाटांतली एक.

दगडफोड्या

स्वागत. आणि शंभर टक्के बरोबर. एकच वाट असलेली खाण कुणी चालू देत नाही.

पायरीचोर

तिसरा प्रश्न, खजिना. माझ्या मते हाच सगळ्यांत कठीण. जुन्या खेळात सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण) होता आणि सोनं जड होतं. त्या जडपणावर अर्धं डंजन चालायचं. इथे खजिना म्हणजे डेटा. नखाएवढ्या चिपवर सगळं मावतं. वजन शून्य, निर्णय शून्य.

निशाचर

डेटा हलका असतो, काढणं हलकं नसतं. १८ वर्षं पडलेलं साठवणुकीचं कपाट आधी वीज देऊन उठवायचं, मग आत काय आहे ते वाचायचं, मग प्रत काढायची. प्रत्येकाला टर्न लागतात आणि सेलचा फासा पडतो. एका टर्नमध्ये अनुक्रमणिका वाचता येईल. सहा टर्नमध्ये एका विभागाची प्रत. सगळं हवं असेल तर कपाटच उचलून न्या, चार माणसांच्या सगळ्या जागा लागतील. आणि प्रत निघत असताना यंत्र गरम होतं, आवाज करतं, दर टर्नला भटकंतीचा फासा.

कधी अर्ध्यावर थांबायचं, हा निर्णय मला सोन्याच्या पोत्यापेक्षा जास्त आवडेल.

तळघर_७

झकास. पुरवणी म्हणून, समुद्रतळाशी ठेवलेल्या डेटा सेंटरचा खरा प्रयोग झालाय. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हरचं नळकांडं बुडवलं, आत कोरडा नायट्रोजन भरून. २०२०मध्ये वर काढलं तेव्हा जमिनीवरच्या तुलनेत बिघाडाचं प्रमाण आठवा हिस्सा होतं. दगडफोड्यांच्या नायट्रोजन भरलेल्या दालनातला माल का टिकला असेल, त्याचं कारण इथे आहे. सगळ्यांत घातक खोलीतच सगळ्यांत चांगला माल.

पायरीचोर

पटलं. पण मनात दुसरंच काही घोळतंय, ते लिहून टाकतो.

हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातून सोनं काढताना खेळाडूंना काही वाटत नाही. इथे दारं २०५२मध्ये बंद झाली आणि खेळ २०७०मध्ये. आत गेलेल्या माणसांची मुलं बाहेर पंचविशी-तिशीत आहेत. लॉकरवर नावं आहेत. कुणीतरी १८ वर्षं वाट बघतंय. आणि खाली वस्ती आहे म्हणता, तर तिथे कुणी जिवंत असेल का? असेल तर आपण शोधक नाही, चोर आहोत. हे टाळून पुढे गेलात तर कँपेन खोटं वाटेल असं मला मनापासून वाटतं.

वजाबाकी

काही टेबलांना इतकं जड नको असतं, हेही लक्षात घ्या. आधी विचारून घ्यावं.

अर्धा_नकाशा

विचारून घेईनच. पण पायरीचोर, तुम्ही ज्यावर बोट ठेवलंत ते मला धागा काढताना दिसलं नव्हतं. आता तेच कँपेनचं कारण वाटतंय. ‘नजीकचं’ भविष्य घ्यायचं ते यासाठीच, मेलेल्यांना ओळखणारी माणसं अजून आहेत.

एक्सपी असे देणार : बाहेर आणलेल्या मालाच्या किमतीइतके, आणि बाहेर आणलेल्या बातमीलाही तितकेच. बिल्ला, वही, भिंतीवरची नावांची यादी, शेवटचा निरोप. एका बिल्ल्याचा एक्सपी एका भरलेल्या सेल-संचाच्या किमतीएवढा. बिल्ला कुणाला द्यायचा हे पथकाने ठरवायचं. घरच्यांना, न्यायालयाला, की विमा कंपनीला, जी त्याचे सर्वांत जास्त पैसे देईल.

आणि हो, खाली माणसं आहेत. जिवंत.

मशालजी

आता हे कँपेन झालं.

रेघोट्या

प्रत्यक्ष टेबलावरचा प्रश्न : लिडार आहे म्हटल्यावर नकाशा खेळाडूंनी कागदावर काढायचा की तुम्ही दाखवायचा?

अर्धा_नकाशा

ड्रोनने किंवा लिडारने पाहिलेला भाग मी कापलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा म्हणून टेबलावर ठेवणार, नुसती बाह्यरेषा. आत काय आहे ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. सेल संपला तर तुकडे उचलून घेणार, त्यांनी स्वतंत्र कागदावर उतरवलं असेल तेवढं त्यांचं.

चौथी_मिती

तुकडे उचलून घेणं क्रूर आहे. आवडलं.

अर्धा_नकाशा

पहिल्या पातळीचा कच्चा आराखडा बसवला आहे, फोडून काढा.

आत यायच्या तीन वाटा : मालाचा शाफ्ट (दोर लागतो), आक्रसलेला जुना बोगदा (पाठीवरची पिशवी काढून ढकलावी लागते, एका वेळी एकच माणूस), आणि पावसाळी पाण्याचं दालन. आत मीठ कोरून केलेली मोठी दालनं, त्यांतून केबलचा बोगदा थेट दुसऱ्या पातळीवर. सफाईचं एक यंत्र, गळती बुजवणारं एक. नायट्रोजनचं दालन दुसऱ्या पातळीवर, पण त्याच्या दारावरचा लाल दिवा पहिल्या पातळीच्या जाळीतून दिसतो. पहिल्या पातळीच्या मध्यावर पंपांची खोली आणि तिथे बॅटऱ्यांची भिंत. सेल पथकाच्या मापाचेच, शेकडो, भरलेले.

निशाचर

शेकडो सेल फुकट? मग सगळ्या हिशेबावर पाणी पडलं ना.

दगडफोड्या

पाणीच पडणार आहे, पण वेगळं. मिठाच्या खाणीत गोडं पाणी शिरणं याहून वाईट काही नाही, कारण ते स्वतःची वाट विरघळवत मोठी करतं. १९८०मध्ये लुइझियानातल्या पेनर तलावात तेलासाठी भोक पाडताना ते खालच्या मिठाच्या खाणीत निघालं आणि अख्खा तलाव खाणीत ओतला गेला. खाणीतले सगळे कामगार वाचले, हे नशीब. तर या पंपांचे सेल काढले की उपसा मंदावणार, आणि सगळ्यांत खालची जागा आधी बुडणार.

अर्धा_नकाशा, सगळ्यांत खाली वस्ती आहे, बरोबर ना?

अर्धा_नकाशा

बरोबर.

मशालजी

म्हणजे धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच बांधलंत. अंधार टिकवायला उजेड काढून घ्यायची गरज नाही. उजेड मुबलक आहे, तो कुणाचा आहे हे कळलं की पथक स्वतःच दिवे मंद करेल. किंवा करणार नाही, आणि मग ते वेगळं पथक असेल.

माझी एकच सूचना. हे गुपित ठेवू नका. दहा सेशननंतर ‘तुम्ही तेव्हा सेल काढलेत म्हणून माणसं बुडाली’ असं कळलं तर तो दगा वाटेल. त्या भिंतीवर पहिल्याच दिवशी पाटी हवी, ‘उपसा पंप क्र. ३’. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी हवी. आणि ब्लेड्स इन द डार्क या खेळासारखं सहा भागांचं घड्याळ (कागदावरचं वर्तुळ) टेबलावर सगळ्यांसमोर. एक संच उचलला, एक भाग रंगला.

निशाचर

इथे मी माझ्या फाशावरचा हट्ट सोडतो. हे घड्याळ उघडंच हवं. पण सेल परत लावला तर भाग पुसला जातो का?

दगडफोड्या

साचलेलं पाणी उपसायला वेळ लागतो. भरलेला संच परत लावला तर सेशनच्या शेवटी एक भाग पुसा, लगेच नको. आणि सहापैकी चौथ्या भागानंतर पुसणं बंद, तोवर पाण्याने मिठात नवी वाट केलेली असेल.

अर्धा_नकाशा

पाटी, नळी, सहा भाग, चौथ्यानंतर पुसणं बंद. तसंच लिहून घेतलं. पंप क्र. १ आणि २चे सेल आधीच कुणीतरी काढून नेलेले असतील, रिकामे कप्पे आणि धुळीतले बुटांचे ठसे. हे पथक आत आलेलं पहिलं नाही, एवढं त्यांना तिथे कळेल. ते आधीचं पथक कुठे गेलं, ते मला आता दुसऱ्या पातळीसाठी ठरवायचंय. सुचवण्या येऊ द्या.

उंदीरमामा

त्यांचाही एक ड्रोन होता. तो अजून रिले-नोड शोधत फिरतोय. बाळूला मित्र मिळेल.